बटाट्याचा सीमाप्रश्न

बटाटा ही भाजी नव्हे, असं जिनिव्हातल्या जाणकारांनी ठरवून बरीच वर्षं झाली. पण ही बातमी बेळगाव तालुक्यात अजून नीटशी पोचलेली नाही. पोचली असती तर तांबड्या मातीच्या आमच्या पश्चिम भागात निदान एक निषेध सभा झाली असती, जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती एखादं निवेदन पडलं असतं. निवेदनं देण्यात आमचा हात धरणारं कुणी नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणसानं रोज किमान ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या खाव्यात. आणि त्याच वाक्यात, श्वाससुद्धा न घेता, म्हणते की यात बटाटा, रताळं, कसावा आणि तसले पिठूळ कंद धरायचे नाहीत. बटाट्याचं मी एक वेळ समजून घेतलं. त्याची संगत वाईट; तेल आणि मीठ त्याला कुठंही गाठतात. पण रताळं? बेळगुंदी, उचगाव, बिजगर्णी या गावांत रताळं हे नुसतं पीक नव्हे, ते वर्षाचं गणित आहे. महाशिवरात्र जवळ आली की बाजार समितीत पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि आमची रताळी मुंबई-पुणंच काय, पार दिल्लीपर्यंत जातात. एवढा प्रवास करून आलेल्याला दारातच ‘तुमचं नाव यादीत नाही’ म्हणून सांगायचं, म्हणजे जरा जास्तच झालं.

त्या यादीतला कसावाही आपण ओळखतो, फक्त दुसऱ्या नावानं. साबुदाणा त्याचाच होतो. म्हणजे बटाटा, रताळं आणि साबुदाणा: आमच्या घरी आषाढी एकादशीला जे काही चुलीवर चढतं, त्यातला एक ग्रॅमही जिनिव्हाच्या खात्यात जमा होत नाही. यादी वाचताना मला क्षणभर शंका आली, की ही मंडळी वारकऱ्यांवर डूख धरून बसलीत की काय! उलट आमच्या शेजारचे दिगंबर जैन काका बेहद्द खूश झाले. निपाणी-चिकोडीकडचं हे शेतकरी घराणं, चातुर्मासात कंदमुळाला हात न लावणारं. “बघा,” ते म्हणाले, “शेवटी आमच्याच वाटेवर आले ना?” मी त्यांना सांगितलं, जिनिव्हाची मंडळी चातुर्मासात पालेभाजी मात्र सोडायला सांगत नाहीत, उलट भरपूर खा म्हणतात. काका थोडे विचारात पडले. मग म्हणाले, “तेवढं त्यांना अजून कळायचं आहे.”

बटाट्याची ही अवस्था सीमाभागातल्या माणसाला जितकी कळेल तितकी इतरांना कळणार नाही. मंडईत तो भाजीवालीच्या बुट्टीत बसतो, भाजीच्या भावानं विकला जातो, घरी त्याची भाजीच होते, सुकीही आणि रस्साही. वागणं-बोलणं सगळं भाजीचं. पण दप्तरात त्याची नोंद भात-भाकरीच्या मुलखात. आम्हीही १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून असेच एका बाजूला बोलतो आणि दुसऱ्या बाजूला मोजले जातो. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, तो कर्नाटकानं उचलून धरला आणि महाराष्ट्रानं फेटाळला. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. बटाट्यानं मात्र अजून कुठंच दावा लावलेला नाही. दक्षिण अमेरिकेतून निघून, पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागला, हळूहळू घाट चढला आणि जिथं माती मानवली तिथं मुकाट्यानं राहिला. भाषेचा आग्रह नाही, पाटीचा आग्रह नाही. असा रहिवासी कुठल्याही सरकारला आवडावा.

मोजण्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या आत्याचं सांगायला हवं. आत्या निपाणीला असते, नव्वदीकडे झुकली आहे, दात गेलेत पण भाजी निवडायचं काम दुसऱ्या कुणाला देत नाही. पुण्याच्या नातवानं तिच्या स्वयंपाकघरात एक इलेक्ट्रॉनिक काटा आणून ठेवला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये नवी आहारसूत्रं काढली, त्यात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, पैकी १०० ग्रॅम पालेभाज्या, आणि वर १०० ग्रॅम फळं असं ताट मांडून दाखवलं आहे. जिनिव्हा फळं-भाज्या मिळून ४०० वर थांबते, हैदराबाद अर्ध्या किलोवर जातं. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करायची पद्धत आहे, ती संस्थेतही असणारच. शंभरेक वर्षांपूर्वी, १९१८ साली, कुन्नूरच्या थंड डोंगरात सुरू झालेली ही संस्था. १९५८ साली ती हैदराबादला उतरली. तिथल्या शास्त्रज्ञांनी आयुष्यभर देशाचं ताट न्याहाळलं आहे. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. ते सूत्र मी आत्याला मोठ्यानं वाचून दाखवलं.

आत्यानं मेथीची पेंडी मांडीवर घेतली होती. ऐकून घेतलं आणि विचारलं, “देठासकट का देठं काढून?”

मी कागद उलटापालटा केला.

“आनि भाजीवालीनं पानी मारल्यालं असतंय. त्ये धरायचं का न्हाई?”

अशा प्रश्नांना खरं तर उत्तरं आहेत. वजन धरायचं ते कच्च्या भाजीचं, खाण्याजोग्या भागाचं. पण ते सांगायला मी तोंड उघडेपर्यंत पेंडी निवडून झाली होती, देठं म्हशीच्या पाटीत गेली होती आणि काट्यावर ठेवलेली पानं एखाद्या तान्ह्याच्या जावळासारखी हिरवी, दाट, फुगून बसली होती. काट्यानं १०० ग्रॅमच्या थोडे पुढचे आकडे दाखवले. परातीत डोंगर दिसत होता. तो डोंगर कढईत गेला, आत्यानं वर लसणाची फोडणी दिली, झाकण ठेवलं. आणि झाकण काढलं तेव्हा तळाशी एक मूठभर काळपट हिरवं काहीतरी सुस्कारे टाकत होतं. एका माणसाची एका दिवसाची पालेभाजी. घरात माणसं पाच. आत्या म्हणाली, “मी तर कदी मोजलो न्हाई बाबा. पोरं उठताना ताट बगायचो, पुसून खाल्ल्यात का.” आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी असंच बोलतात, ‘आलो’, ‘गेलो’, ‘केलो’. व्याकरणवाल्यांनी आपलीही यादी केव्हातरी तपासावी.

गंमत अशी की ज्या घरात मेथी कधी मोजली नाही, त्याच घरात मोजण्याची दहशत मात्र आत्यानं पुरेपूर पाहिली आहे. तिच्या सासरचं रान काळं, तंबाखूचं. इंग्रज सरकारनं १९४३ साली तंबाखूवर अबकारी कर बसवला आणि कच्च्या तंबाखूवरचा तो कर १९७९ साली उठला. मधली सगळी वर्षं एक्साइजचा माणूस हा निपाणीच्या शिवारातला ऋतू होता. पीक किती, पाला किती, वखारीत गेला किती, वाटेत सांडला किती: सगळं वहीत. तंबाखूची एक चिमूट सरकारला ठाऊक असल्याशिवाय हलायची नाही. आणि त्याच रानाच्या बांधावर अंबाडी वाढायची, चाकवत यायचा, पावसाच्या पहिल्या सरीनंतर तांदुळजा आणि घोळ आपसूक उगवायची, कुंपणावर दोडका चढायचा, खोपीवर भोपळा पसरायचा. यातलं काहीही कुठल्याही वहीत नव्हतं. रानात गेलेली बाई संध्याकाळी ओच्यात भाजी घेऊन यायची. विकत घ्यायची वस्तू म्हणून भाजीची ओळखच आत्याला लग्नानंतर वीसेक वर्षांनी झाली. एक्साइजचा साहेब त्या बांधावरून बूट घालून शेकडो वेळा गेला असेल, पण त्याच्या टाचेखाली जीवनसत्त्वं आहेत हे त्याला ना दिल्लीनं सांगितलं, ना लंडननं.

तंबाखूनं या गावाला पैसा दिला, आणि खोकलाही. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात धूळ जायची, पदराला वास असा बसायचा की तान्ही मुलं त्या वासानं आई ओळखायची. १९८१ साली भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. आत्या त्या दिवसाबद्दल फार बोलत नाही, फक्त एवढंच सांगते की त्या रात्री गल्लीत कुणाच्या घरी फोडणीचा वास आला नव्हता. पुढं जगाचं मत फिरलं. आता पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याच्या चित्रानं आणि मजकुरानं व्यापलेला असतो. २०१६ पासून तसा नियमच आहे. वाईट वस्तूकडे सरकारनं असं दोन्ही बाजूंनी लक्ष दिलं, आधी कर घ्यायला, मग भीती घालायला. मेथीच्या पेंडीवर कुणी काही छापत नाही. ती बिचारी काथ्याच्या एका दोऱ्यात, कुठलाही इशारा न देता, बाजारात येते.

बांध मात्र आता पहिला राहिला नाही. तंबाखू कमी झाली, ऊस आला, सोयाबीन आलं, आणि त्यांच्या मागोमाग तणनाशक आलं. तणनाशकाला घोळ आणि तण यांतला फरक कळत नाही. शास्त्रज्ञ ताटात १०० ग्रॅम पालेभाजी मांडत होते, त्याच दिवसांत ती फुकट देणारी जागा फवाऱ्यानं पांढरी पडत होती. लोक भाजी का खात नाहीत, याची उत्तरं शोधताना माणसाच्या आळसाकडे, चटकदार खाण्याकडे, मोबाइलकडे बोट दाखवलं जातं. ते खोटं नाही. पण ओच्यातून यायची ती भाजी पाकिटातून यायला लागली, हे कारण माझ्या मते सगळ्यांत मोठं आहे, आणि त्यावर ‘भाजी खा’ सांगणारं भिंतीवरचं चित्र हा इलाज नाही.

आमच्या भागातल्या जुन्या खानावळींना हे न शिकता कळलं होतं. ज्वारीची भाकरी मागितली की ताटाच्या कडेला कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळा, काकडी यायची आणि संपली की न विचारता पुन्हा यायची. वाढप्याला जीवनसत्त्वांशी देणंघेणं नसे. पण त्या कोवळ्या, किंचित कडू मेथीच्या पानांनी ताटाला जो रंग यायचा, तो पाहिला की जेवणाऱ्याच्या हातून भाकरी आपोआप तिकडेच वळायची.

शाळेतलं ताट अधिक शिस्तीचं. केंद्राच्या नियमानं प्राथमिक शाळेतल्या मुलाला दुपारच्या जेवणात ५० ग्रॅम भाजी, सहावीपासून पुढं ७५ ग्रॅम. पाचवी पास होण्याचं पोराला दुसरं काही मिळो न मिळो, २५ ग्रॅम दुधी वाढून मिळतो. कर्नाटकात या जेवणाचं नाव अक्षर दासोह. त्यात उकडलेलं अंडं आलं आणि अंडं न खाणाऱ्याला केळं, काही काळ चिक्कीही. सीमेवरच्या एका मराठी शाळेतले माझे मित्र सांगतात, की नावनोंदणीच्या वेळी घरचा धर्म बोलतो आणि जेवणाच्या वेळी मैत्री. केळंवाला अर्धं केळं देतो, अंडंवाला अर्धं अंडं देतो, आणि दोघंही कुणाच्या घरी काही सांगत नाहीत. मास्तर अशा वेळी खिडकीतून झाडाकडे बघत उभे राहतात. पलीकडे महाराष्ट्रानंही २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एक दिवस अंडं किंवा केळं द्यायचं ठरवलं होतं. २०२५ च्या जानेवारीत अंड्यांसाठी वेगळे पैसे मिळणार नाहीत, लोकसहभागातून काय ते बघा, असं सांगितलं गेलं. कागलची पोरं आणि निपाणीची पोरं यांच्यात अंतर काही मैलांचं. त्यांच्या डब्यांतलं अंतर कधी मुंबई ठरवते, कधी बेंगळुरू.

भाजीला मात्र ही हद्द कधी नीट कळलीच नाही. संकेश्वरी मिरचीचं नाव हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वराचं, म्हणजे कर्नाटकातलं. तिचा बाजार गाजतो तो गडहिंग्लजला, म्हणजे महाराष्ट्रात. २०२१ मध्ये करोनाच्या दिवसांत कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्या माणसाला चाचणीचा कागद दाखवल्याशिवाय पुढं सोडत नव्हते. मामाच्या मयताला निघालेली माणसं तिथून परत फिरली. कोथिंबिरीच्या गाडीला कुणी कागद विचारला नाही. ती अत्यावश्यक ठरली होती. त्या नाक्यावर उभं राहून आपल्यापेक्षा कोथिंबीर अत्यावश्यक असल्याचं डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुन्हा तिला क्षुल्लक म्हणायला धजत नाही.

बेळगावच्या गणपत गल्लीत सकाळी गेलात तर कंग्राळी-कडोलीकडच्या बायका बुट्ट्या मांडून बसलेल्या दिसतील. “घेऊन जा की ओ सर, आत्ता उपटून आणलोय,” अशी हाक येते. त्यांच्याकडे ग्रॅम चालत नाहीत. पेंडी, वाटा, पसा आणि या सगळ्यांच्या नंतर येणारी ती वरची कोथिंबीर. पिशवीत सगळं पडलं, पैसे दिले, गिऱ्हाईक वळलं, की बाईचा हात आपोआप कोथिंबिरीकडे जातो आणि चार काड्या पिशवीत पडतात. न मागता पडल्या तर ती ओळख, मागून पडल्या तर व्यवहार, आणि मागूनही पडल्या नाहीत तर समजावं, पावसानं कोथिंबीर कुजली आहे. देशातल्या माणसानं दिवसाला किती भाजी खाल्ली, हे मोजणाऱ्यांच्या आकड्यांत या चार काड्या कुठं धरल्या जातात, हे एकदा विचारायला हवं. सीमाभागाचं निम्मं अ जीवनसत्त्व त्यांच्यातच असेल, अशी माझी समजूत आहे.

पण हा बाजार म्हणजे तळाशी उरलेलं. मोठा माल त्याआधीच निघून गेलेला असतो. पहाटे, बेळगाव अजून गोधडीत असताना, कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, मिरची भरलेले टेम्पो चोर्ला घाटाकडे लागतात. गोव्याच्या स्वयंपाकघराची भिस्त आमच्या भाजीवर आहे. पावसाळ्यात घाटात दरड आली की पणजीत मिरची महाग होते. बटाटा ज्या किनाऱ्याला उतरला, त्याच किनाऱ्याकडे आता रोज उतरतो. आणि तिथं गोवा सरकारचं फलोत्पादन महामंडळ गावोगावच्या गाड्यांवरून ही भाजी सवलतीच्या दरात विकतं. म्हणजे कडोलीच्या कोबीवर सवलत आहे, पण ती मिळते म्हापशाला. माझा एक मावसभाऊ म्हापशात राहतो. घरातल्या आजारपणाचं कळवायला तो विसरेल, पण टोमॅटोचा गाड्यावरचा दर फोन करून सांगायला विसरत नाही. पलीकडून त्याचा समाधानी श्वास ऐकू येतो, मागं त्याची बायको कोबी चिरत असते. त्या विळीचा आवाज मला आमच्या गावचा वाटतो.

सार्वजनिक आरोग्याचं धोरण म्हणून मला विचाराल, तर चित्रं, सप्ताह, रांगोळी स्पर्धा आणि शपथा यांपेक्षा तो म्हापशाचा गाडा मला जास्त पटतो. तो कुणाला उपदेश करत नाही. भाजी ठेवतो, दर लिहितो आणि दुपारपर्यंत रिकामा होतो. कर्नाटकालाही असला विचार परका नाही. बेंगळुरात हॉपकॉम्स ही फळभाजी उत्पादकांची सहकारी संस्था १९५९ पासून आहे. पिकतं ते आमच्याकडे, संस्था आहेत, संशोधक आहेत. खुद्द आमच्या नेहरूनगरात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था उभी आहे. राहिला फक्त गाडा.

तेव्हा ज्या कुणाच्या हाती हे असेल, त्यांना नम्र विनंती. टेम्पो घाटाकडे वळण्याआधी चार बुट्ट्या इथंच उतरवून घ्या आणि बेळगावात एक, निपाणीत एक असे सवलतीच्या भाजीचे गाडे लावा. पाटी कन्नडमध्ये लावा, मराठीत लावा, दोन्हींत लावा, पाटीच्या भांडणात मी पडत नाही. दर तेवढा मोठ्या अक्षरांत लिहा. आणि गाड्यावर बसवाल त्या माणसाला सांगून ठेवा, की कुणी कोथिंबीर वर मागितली तर काट्याकडे बघू नये.